मदत हवी आहे: रायफलीचा कुंदा बदलायचा आहे (ग्वाल्हेर)

लष्करकर
मंडळी, रायफलीचा कुंदा (लोखंड ज्यात बसतं ते लाकूड) बदलायचाय. बजेट आठ हजार, ताणून दहा. मामांकडे अक्रोडाचा एक देखणा कुंदा भिंतीवर नुसता लटकलेला होता, तो उचलून आणला, पण बसत नाही. किती तासावा लागेल? सुतार ओळखीचा आहे. रविवारी रेंजवर जायचंय, तेव्हा जरा लवकर सांगा.

नेमबाज_मिरज
कुठली रायफल? नुसतं "रायफल" म्हणजे "गाडी बिघडलीय" म्हटल्यासारखं झालं. माप कुठलं, पॉइंट टू टू? थर्टी-ओ-सिक्स? मामांचा कुंदा कशावरचा? आणि आहे तो का बदलायचाय?

शनिवारपेठी
कुंदा नव्हे, दस्ता. मराठीत बंदुकीला दस्ता असतो.

लष्करकर
@नेमबाज, बोल्ट ॲक्शन आहे, साधीच, स्वस्तातली. कुंदा जुना झालाय म्हणून बदलायचा.
@शनिवारपेठी, आमच्याकडे कुंदाच म्हणतात.

फायबरवाला
लाकडाचा नादच सोडा. फायबरचा घ्या, नाहीतर सरळ ॲल्युमिनियमची चासी (सांगाडा). पावसात फुगत नाही, उन्हात तडकत नाही. मी माझ्या पॉइंट टू टूला बसवली, टार्गेटवर गोळ्यांचा पुंजका निम्म्यावर आला. एकदाच खर्च करायचा आणि मोकळं व्हायचं.

नेमबाज_मिरज
त्यांचं बजेट आठ हजार आहे हो. आणि कुठल्या रायफलला चासी, हे अजून कळलंय कुठे?

गोदाकाठ
लष्करकर, तुम्ही लष्करात आहात ना? मग युनिटच्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा की. इथे कशाला विचारताय?

लष्करकर
अहो, लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं लष्कर. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली होती, तेच नाव पुढे शहराला चिकटलं. मी कापडाच्या दुकानात बसतो.
बरं, रायफल तीन-पंधरा (पॉइंट ३१५) मापाची आहे, सरकारी कारखान्याची. बाबांची, १९८७ ची. ते गेल्यावर परवाना वारसाने माझ्या नावावर झाला. मामांचा कुंदा कुठल्याशा माउझरचा आहे म्हणतात. आता सांगा, किती तासू?

जुना_आर्मरर
काहीही तासू नका. सुताराला फोन करून सांगा, येऊ नको.
माउझरचा कुंदा एकसंध असतो. तीन-पंधराची ॲक्शन (गोळी भरायची-झाडायची यंत्रणा) ली-एनफिल्डच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी फौजी थ्री-नॉट-थ्रीच्या घराण्यातली, तिचा कुंदा दोन तुकड्यांचा. मागे खांद्याला टेकणारा बट, पुढे वेगळं लाकूड (फोरएंड), मधे ॲक्शनची लोखंडी खोबण. बट त्या खोबणीत शिरतो आणि त्याच्या पोटातून गेलेला लांब बोल्ट त्याला आवळून धरतो. मामांचा कुंदा वर्षभर तासलात तरी बसणार नाही. कशाचा कशाला मेळ नाही.
दुसरं, शस्त्र दुरुस्तीलाही परवाना लागतो, १९५९ च्या कायद्याचं कलम ५. ओळखीचा सुतार त्यात बसत नाही.
आता खरं सांगा, त्रास काय आहे? जुना झाला म्हणून कोणी कुंदा बदलत नाही. तडा गेलाय? हलतो? खांद्याला मारतो?

इतिहासप्रेमी
तीन-पंधराची गोष्ट मजेशीर आहे. इंग्रजांनी थ्री-नॉट-थ्रीची फौजी काडतुसं सामान्य नागरिकांना बंद केली, म्हणून शिकारी रायफलींसाठी हे वेगळं माप आलं. काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या ८ मिमी मॅनलिखरचं. म्हणजे इंग्रजी ॲक्शन, ऑस्ट्रियन काडतूस आणि कारखाना इच्छापूरचा. जाता जाता: दस्ता काय नि कुंदा काय, दोन्ही फारसीच.

शनिवारपेठी
दस्ता मराठीत मुरलाय. मुद्दा तो आहे.

लष्करकर
इथे माझा रविवार चाललाय आणि तुम्ही फारसीवर!
@आर्मरर काका, हो, हलतो. बट धरून पिळला की कटकट वाजतो. आणि माझी उंची सहा फूट एक, बाबा पाच-पाच होते. मला तोकडा पडतो. मागच्या वेळी दहा गोळ्यांत खांदा जांभळा झाला. म्हणून म्हटलं, सगळंच बदलू.

नेमबाज_मिरज
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं की राव. कधीपासून हलतो?

लष्करकर
२०२४ च्या लोकसभेला आचारसंहितेत जमा केली होती, मार्च ते जून एका डीलरच्या कोठारात होती. वर पत्रा. आली तेव्हापासून हलते. मीही इतके दिवस आळस केला.

फायबरवाला
बघा! लाकूड! मी काय म्हणत होतो?

जुना_आर्मरर
ग्वाल्हेरचा मे आणि वर पत्रा, लाकूड आकसणारच. कुंदा बदलायला नको, आवळायला हवा. बटाच्या मागच्या पट्टीला झाकण असेल, नसेल तर पट्टीचे दोन स्क्रू काढा. आत भोक दिसेल, बोल्टचं डोकं त्याच्या तळाशी.

फायबरवाला
लांब स्क्रूड्रायव्हर घाला आणि जोर लावून फिरवा. पाच मिनिटांचं काम.

लष्करकर
घातला. बोल्ट लागतच नाही. आत काहीतरी मऊ आहे, टोक रुतून बसतं.

जुना_आर्मरर
थांबा!! फायबरवाले, लोकांना जोर लावायला सांगू नका.
मऊ लागतंय ती चामड्याची चकती. बोल्टच्या डोक्यावर ठोकून बसवलेली असते. वाकड्या तारेने ओढून काढा, फेकू नका. पण बोल्ट आत्ता फिरवायचा नाही. जुन्या थ्री-नॉट-थ्रीत बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं, ते ॲक्शनमधून पार होऊन पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकतं. पुढचं लाकूड तसंच ठेवून बोल्ट फिरवला की ते टोक आत फिरतं आणि लाकूड उभं चिरतं. नोकरीत असे कितीतरी फोरएंड पाहिलेत, प्रत्येक वेळी शिव्या मी खाल्ल्यात. तुमची रायफल त्याच घराण्यातली, तेव्हा आधी पुढचं लाकूड उतरवायचं, मग बट आवळायचा. तेही परवानाधारक मिस्त्रीकडे. चेंबर रिकामं बघून, रायफलीचा बोल्ट (गोळी भरायचा, कुंद्यातला नव्हे) काढून न्या.

बंदूकवेडा
नळी आणि लाकूड यांच्यात दहाची नोट सरकते का बघा. अडकली तर नळी मोकळी करून घ्या, नेम सुधारेल.

जुना_आर्मरर
नोटेची युक्ती एकसंध कुंद्याच्या रायफलींची. इथे बट हलतोय. नळीचा काय संबंध?

अवंती_वडोदरा
तोकडेपणाचं मी सांगते. ट्रिगरपासून बटाच्या टोकापर्यंत मोजा. साडेतेरा इंचांच्या आसपास मध्यम बांध्याला चालतं, तुम्हाला जास्तच लागेल. वर चढवायचा रबरी पॅड मिळतो, मोज्यासारखा. त्याने साधारण इंचभर लांबी वाढते आणि धक्काही मऊ होतो. दुर्बीण आहे का? गाल टेकतो का?

लष्करकर
मोजलं, तेराला जरा कमी. दुर्बीण आहे हो, सांगायचं राहिलं. गाल टेकत नाही, हनुवटी टेकते.

अवंती_वडोदरा
मग मान ताणून नेम धरता, म्हणून बट खांद्याच्या खळीत न बसता हाडावर बसतो. जुन्या योगा मॅटची पट्टी कापा, बटावर ठेवा, वरून क्रेप बँडेज. डोळे मिटून गाल टेकवा, उघडल्यावर दुर्बिणीत पूर्ण गोल दिसेपर्यंत थर वाढवा. उंची ठरली की मोच्याकडून चामड्याची खोळ शिवून घ्या. माझी पहिली दोन वर्षं बँडेजवरच गेली.

चंबळकाठ
तीन-पंधराने नीलगाय पडते का हो? शेताचं फार नुकसान करतात.

नेमबाज_मिरज
तो प्रश्न वनखात्याला विचारा. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, इथून परवानगी मिळत नसते.

गोदाकाठ
एवढा व्याप कशाला? एअर रायफल घ्या. पॉइंट १७७, वीस ज्यूलच्या आतली असेल तर परवाना नको, आचारसंहिता नको.

लष्करकर
एअर रायफल कोणी विचारली होती?
असो. काल मिस्त्रीकडे नेली. चकती निघाली, काळी, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी कडक कड असलेली, मधे मात्र मऊ. पुढचं लाकूड उतरवल्यावर बोल्ट पाऊण आटा फिरला, बस. आता पिळून बघतो तर आवाज नाही. मिस्त्रीने साडेतीनशे घेतले, रबरी पॅडचे वेगळे. बायकोची योगा मॅट कापली, त्यावर घरी स्वतंत्र धागा चालू आहे. रविवारी वीस गोळ्या मारल्या. खांदा दुखतो, पण जांभळा नाही. काका, लाकडाला काय लावू?

जुना_आर्मरर
जवसाचं तेल. हाताने, पातळ, चोळून. जास्तीचं पुसायचं. तेलाची चिंधी पसरून वाळवा, बोळा करून कोपऱ्यात टाकलीत तर आपोआप पेट घेते. पुढच्या निवडणुकीला जमा करण्याआधी आणखी एक हात मारा.

फायबरवाला
फायबरला तेल लागत नाही.

बंदूकवेडा
तो अक्रोडाचा कुंदा विकायचा आहे का?

लष्करकर
मामांनी परत नेला. भिंतीवर त्याचा पांढरा डाग दिसत होता म्हणे.