बिअर ती बिअर? मग हे वाचा (तालीम_कट्टा यांना उत्तर)

रंकाळा_चौपाटी
परवा तालीम_कट्टा यांनी लिहिलं: "कोल्हापुरातून सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाणायची, पुण्यात चारशेचा ग्लास प्यायचा आणि फोटो टाकायचे. बिअर ती बिअर. आपल्या परमिट रूममध्ये काय वाईट आहे? ही सगळी पुणेरी फॅशन." दोन ओळींत निकाल लावून मोकळे झाले. मला राहवलं नाही.

आपल्याकडं टेबलावर येते ती साडेसहाशे मिलीची स्ट्राँग. देशात खप तिचाच जास्त. ती चवीसाठी कुणी मागवत नाही, चढावी म्हणून मागवतात. म्हणून तर "एकदम चिल्ड दे" असं ओरडावं लागतं. इतकी गार केली की जिभेला काही कळतच नाही, आणि कळू नये हीच सोय असते.

छोट्या ब्रुअरीत, म्हणजे जिथं बिअर बनते तिथंच, गव्हाची बिअर घेऊन बघा. ग्लास नाकाजवळ नेला की पिकलेल्या केळ्याचा वास येतो, मागून लवंग. आत ना केळं असतं ना लवंग. ते सगळं यीस्टचं, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या बुरशीचं काम. आंबवताना तापमान दोन-चार अंश वर गेलं की केळं पुढं येतं आणि लवंग मागं पडते. म्हणजे बनवणाऱ्यानं त्या आठवड्यात टाकीकडं किती लक्ष दिलं ते ग्लासात कळतं. पुण्यात एका ठिकाणी ब्रुअरनं मूठभर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, माझ्या हातावर ठेवला. चावला तर आधी भाजक्या दाण्यासारखा कुरकुरला, मग हळूहळू जीभ गोड झाली. तो म्हणाला, "हीच साखर पुढं यीस्ट खातं." बाटली फोडून हे कधी कळलं नसतं.

२००९ मध्ये पुण्यात डुलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. नंतर इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट आल्या. आम्ही काही जण यांच्या मागावर असतो म्हणजे काय करतो? फळ्यावर खडूनं आज टाकीत काय ते लिहिलेलं असतं, ते बघतो. आंब्याच्या दिवसांत काय निघालं, कोणता ब्रुअर कुठून कुठं गेला, त्याच्या हातची चव नव्या जागी टिकली का, हे बघतो. यात फॅशन कुठं आली?

आणि कोल्हापूरकराला ताज्याचं महत्त्व मी काय सांगावं? गंगावेशीत म्हैस समोर उभी असते, धार काढून फेसाचा पेला हातात देतात, आपण तिथंच पितो. पिशवीतलं दूध स्वस्त मिळतं म्हणून हा दूधकट्टा बंद करा असं कुणी म्हणत नाही.

तालीम_कट्टा
भावा, एवढं लिहिलंस, पण चारशेच्या ग्लासाबद्दल शब्द नाही. चारशेत अर्धा किलो मटण येतं, घरातली चार माणसं जेवतात. तांबडा-पांढरा खाऊन वाढलेल्या माणसाला चव शिकायला पुण्याला जायची गरज नाही. आणि त्या रस्त्यानं कोण जातं? सातारा ते कागल सहापदरीचं काम किती वर्षं चाललंय? डायव्हर्जन, खड्डे, आणि वर टोल. शहरातला टोल आपण आंदोलन करून घालवला, हायवेवर मात्र मुकाट भरतोय. त्यावर लिहा की कुणीतरी एक पान.

करवीरची_लेक
दुधाची बरोबरी दारूशी करताना काही वाटलं नाही का? कट्ट्यावर दूध पिऊन कुणी घरी जाऊन बायकोला मारत नाही.

माझ्या मावशीच्या घरातलं मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. पगाराच्या दिवशी मावशी काकांची वाट बघत दारात उभी असायची, आणि आम्हा पोरांना शेजारी पाठवलेलं असायचं. काका आधी बिअरच प्यायचे. "बिअर म्हणजे दारू नव्हे" हे वाक्य त्या घरात पाठ होतं. पुढं मावशीच्या गावातल्या बायकांनी सह्या गोळा केल्या, मतदान लावलं. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला मत दिलं, तेव्हा दुकान बंद झालं. त्यासाठी किती दारं फिरावं लागलं आणि किती शिव्या खाव्या लागल्या ते मावशीला विचारा. तुमची केळी-लवंग तुम्हाला लखलाभ.

आणि एक सरळ प्रश्न. पुण्याहून परत येताना गाडी कोण चालवतं?

शिरोली_फॅब्रिकेशन
ताईंचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण धंद्याच्या बाजूनं बोलतो. ब्रुअरीच्या टाक्या म्हणजे आपल्या पोरांच्या हातचं काम. ३०४ ग्रेडचं स्टील, बाहेरून टाकी गार ठेवायला ग्लायकॉल फिरवायचं जॅकेट, आतून पॉलिश. वेल्डमध्ये सुईएवढी फट राहिली तरी तिथं जंतू बसतात आणि पुढची प्रत्येक बॅच आंबट होते. साखर कारखान्यांची कामं केलेले वेल्डर इथं गल्लोगल्ली आहेत. मग हे काम बाहेरच्यांनीच का करायचं? इथं छोटी ब्रुअरी काढायची तर विचार पाण्याचा करावा लागेल. लहान ठिकाणी एक लिटर बिअरमागं धुण्या-पुसण्यासकट सहा-सात लिटर पाणी सहज जातं.

वस्त्रनगरी_इचलकरंजी
एका लिटरला सात लिटर! वा! आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याची बायका वाट बघत बसतात, आणि तुम्ही बिअरच्या टाक्या धुवा. २०१२ साली दूषित पाण्यानं आमच्याकडं काविळीची साथ आली, माणसं गेली. माझा शेजारी गेला. त्यानंतरही आम्ही पाणीच मागतोय. कोल्हापूरला दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाहून ५३ किलोमीटरची थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत मिळाली. आम्ही सुळकूडहून दूधगंगेचं पाणी मागितलं की लगेच विरोध.

दूधगंगा_काठ
विरोध होणारच! दूधगंगेवर आमची शेती आहे. धरणाला जमिनी आमच्या भागातल्या लोकांनी दिल्या. तुम्ही आधी पंचगंगेत कापड प्रोसेसिंगचं सांडपाणी सोडायचं बंद करा. दाराजवळची नदी घाण करायची आणि दुसऱ्याची मागायची, हा कुठला न्याय?

वस्त्रनगरी_इचलकरंजी
नदी एकट्या इचलकरंजीनं घाण केली? वरून कोल्हापूरचं सांडपाणी येतं, कारखान्यांची मळी येते, मासे मरून वर तरंगतात, ते कुणाचं पाप? आणि "दुसऱ्याची नदी" म्हणजे काय? प्यायचं पाणी मागतोय, ऊस भिजवायला नाही. तुमच्या उसाला किती पाणी जातं ते बोला ना!

दूधगंगा_काठ
उसावर आलात का शेवटी? त्याच उसावर अख्खा जिल्हा उभा आहे. तुमच्या मागांवर काम करणाऱ्यांची निम्मी गावंसुद्धा.

रंकाळा_चौपाटी
अहो, धागा बिअरचा आहे. पाण्याचा मुद्दा घेतलाच आहे तर तेवढंच सांगतो. आजच्या चेक देशातल्या पिल्सनचं पाणी मऊ, म्हणून १८४२ मध्ये तिथं फिकट लागर, म्हणजे गारव्यात आंबवलेली बिअर जमली. इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम, म्हणून तिथली कडवट एल, म्हणजे जरा उबेत आंबवलेली बिअर गाजली. आज आरओ करून हवे ते क्षार परत घालता येतात.

वस्त्रनगरी_इचलकरंजी
आरओमध्ये वाया जाणारं पाणी कुठं धरलंत? तो हिशोबही द्या.

गगनबावडा_पाऊस
भांडणात माझं दोन शब्द. आमची आज्जी तान्ह्या पोरांसाठी नाचणीचं सत्त्व करायची. नाचणी रात्रभर भिजवायची, ओल्या फडक्यात गच्च बांधायची. गाठोडं सोडलं की पांढरे बारीक मोड आणि दमट गोडसर वास. मग सावलीत वाळवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. ब्रुअरीत जवाचं जे करतात ते हेच! मोड येताना दाण्यात पिठाची साखर करणारी द्रव्यं तयार होतात, आणि भरडधान्यांत नाचणी यात चांगली मानली जाते. अडचण गाळण्याची. जवाचं टरफल चाळणीचं काम करतं. नाचणीला तसलं टरफल नाही, गाळ बसतो आणि रस खाली उतरत नाही. म्हणून जव मिसळावा लागतो. निम्मी नाचणी जरी आमची गेली, तरी डोंगरातल्या माणसाला दर मिळेल. आज पोरं नाचणी सोडून मुंबई गाठतात.

चंदगडचा_काजू
नाचणीचं सोडा, आमच्या काजूच्या बोंडांचं बघा. मार्च-एप्रिलमध्ये बिया काढून बोंडं झाडाखाली कुजतात, माश्या घोंगावतात. घाट उतरला की गोवा. तिथं त्याच बोंडाची फेणी होते. २००९ मध्ये तिला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा हक्क मिळाला, २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारशाचा मान दिला. इकडं द्राक्षवाल्यांसाठी वाईनचं धोरण २००१ मध्येच आलं. डोंगरातल्या शेतकऱ्याला काय? तुम्ही गोव्याला जाऊन तिथल्या क्राफ्ट बिअरचे फोटो टाकता, वाटेत चंदगडला थांबून आमच्या बोंडांचे टाका की एकदा.

करवीरची_लेक
शेतकऱ्याचं नाव घेतलं की दारू पवित्र होते का? आधी वाईन, मग फेणी, आता नाचणी. शेतकऱ्याला दर द्यायचा तर नाचणीची बिस्किटं विका, अंगणवाडीत सत्त्व द्या. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

रंकाळा_चौपाटी
देतो, ताई. पिणारा गाडी चालवत नाही, हा आमच्यात नियम आहे. आता तर गाडी नेतच नाही. शनिवारची वंदे भारत, पुण्यात मुक्काम, रविवारच्या गाडीनं परत. जो पिऊन स्टेअरिंगला हात लावेल त्याला आमच्यात जागा नाही.

पण तुमच्या मावशीचं घर मोडलं त्याला स्वस्त, कडक आणि झटपट चढणारा माल कारण होता, असं मी म्हणतो. पाच टक्क्यांचा एक ग्लास घेऊन त्यातला गहू ओळखत दीड तास बसणारा माणूस पगार उडवत नाही.

करवीरची_लेक
चारशेचे चार ग्लास घेतले तरी पगार उडतोच. काकासुद्धा सुरुवातीला एकच घ्यायचे. ट्रेननं जाता हे ऐकून बरं वाटलं, एवढंच म्हणेन. त्या ठिकाणी बायका-मुलं जेवायला येतात आणि कुणी धिंगाणा घालत नाही, हे माझ्या पुण्यातल्या जावेनंही सांगितलंय. पण उद्या आमच्या गल्लीच्या तोंडाला तसलं काही निघालं, तर पहिली सही माझी असेल.

तालीम_कट्टा
ताईंच्या खाली दुसरी सही माझी. माझा मुद्दा दराचा होता, तो अजून तिथंच आहे. ते नाचणीचं मात्र पटलं. कुणी गगनबावड्याची नाचणी घालून केली आणि दोनशेच्या आत दिली, तर एक ग्लास घेऊन बघीन. पुण्याला येणार नाही.

रंकाळा_चौपाटी
दोनशेत नाही जमणार. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, बाहेरून येतात, कर वेगळा. अडीचशे म्हणा.

तालीम_कट्टा
दोनशे.

वस्त्रनगरी_इचलकरंजी
आणि लिटरमागं सात लिटर पाणी कुठून आणणार ते कुणी सांगितलंच नाही. सुळकूडचं आम्हाला मिळेपर्यंत मी हा प्रश्न प्रत्येक धाग्यावर विचारणार.

दूधगंगा_काठ
विचारा. उत्तर तेच मिळेल.