क्लेमंट अ‍ॅटलींबद्दल काय वाचावं? सुचवा

पुस्तकवेडी:
नमस्कार मंडळी. आपल्याकडे ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान अ‍ॅटली यांचं नाव निघतं ते फक्त १९४७ पुरतं. पण युद्धाने तिजोरी पार रिकामी झालेली असताना ज्यांच्या सरकारने कोळशाच्या खाणी आणि रेल्वे सरकारी मालकीच्या केल्या, ५ जुलै १९४८ पासून सगळ्यांना मोफत आरोग्यसेवा दिली, त्या माणसाबद्दल मला नीट वाचायचंय. इंग्रजी चालेल. आत्मचरित्रापासून सुरुवात करू का?

जुना वाचक:
ते शेवटी वाचा. १९५४ मधलं त्यांचं आत्मचरित्र फार हात राखून लिहिलेलं आहे, मंत्रिमंडळातली ओढाताण त्यात हाताला लागत नाही. आधी जॉन ब्यू यांनी लिहिलेलं चरित्र 'सिटिझन क्लेम' घ्या, आणि त्यातला ईस्ट एंडचा, म्हणजे लंडनच्या गरीब कामगारवस्तीचा भाग सावकाश वाचा. माझ्या मते अ‍ॅटली तिथेच घडले. सुखवस्तू सॉलिसिटरचा मुलगा, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, स्वतः बॅरिस्टर. १९०५ मध्ये ते ईस्ट एंडमधल्या स्टेपनीतल्या गरीब मुलांच्या क्लबात जायला लागले आणि पुढे क्लबचे व्यवस्थापक होऊन तिथेच राहिले. आसपास गोदीवर रोज काम मिळेल की नाही याची खात्री नसलेली माणसं. दानधर्माने हे भागणार नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं आणि १९०८ मध्ये ते समाजवादी पक्षात गेले. १९४६ च्या राष्ट्रीय विमा कायद्याचं मूळ मला इथे दिसतं. कामगाराने दर आठवड्याला वर्गणी भरायची, आणि आजारपण, बेकारी, म्हातारपण आलं की पैसे हक्काने घ्यायचे. कुणापुढे हात पसरायचे नाहीत. तो कायदा वाचताना मला आजही भरून येतं.

कृष्णाकाठ:
एक मराठी माणसाने चुकवू नये असं सांगते. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा खंड २. भारताच्या राज्यकारभारातल्या सुधारणा तपासायला ब्रिटिश सरकारने नेमलेल्या, एकही भारतीय नसलेल्या सायमन कमिशनचे अ‍ॅटली सदस्य होते. देशभर बहिष्कार चालू असताना बाबासाहेबांनी २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात कमिशनपुढे साक्ष दिली आणि प्रौढ मताधिकार मागितला. ती साक्ष प्रश्नोत्तरांसकट त्यात आहे. पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी अ‍ॅटलींच्या कानावर काय पडलं होतं, ते त्यातून कळतं.

तिरकस नव्हे सरळ:
वरची नावं उत्तम, पण ब्यू यांना अ‍ॅटलींबद्दल जिव्हाळा आहे हे लक्षात ठेवून वाचा. २० फेब्रुवारी १९४७ ला अ‍ॅटलींनी भारतातल्या सत्तांतरासाठी जून १९४८ ची मुदत जाहीर केली होती. ती ऑगस्ट १९४७ वर आणण्याचा आग्रह माउंटबॅटन यांचा, पण मंजुरी अ‍ॅटलींच्या मंत्रिमंडळाची. पंजाबात त्या घाईची जी किंमत लोकांनी मोजली, तिचा जाब अ‍ॅटलींनाही विचारायला हवा. फाळणीवरचं एखादं पुस्तक सोबत ठेवाच. आणि १९५१ सुद्धा वगळू नका. कोरियन युद्धामुळे संरक्षणखर्च वाढला, म्हणून चष्मे आणि कवळ्यांना पैसे आकारायचं ठरलं, आणि आरोग्यसेवा उभी करणारे बेव्हन राजीनामा देऊन बाहेर पडले.

पुस्तकवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी ब्यू, मग खंड २. १० जुलै १९४७ चं भारत स्वातंत्र्य विधेयकावरचं त्यांचं भाषण मूळात कुठे मिळेल?

कृष्णाकाठ:
ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा वृत्तान्त म्हणजे हॅन्सार्ड, तो ऑनलाइन फुकट आहे. कॉमन्स सभागृह निवडा, तारीख टाका, भाषण समोर येईल.