कला संकुलाची इमारत: भिंती सरकवता याव्यात की नकोत?

आराखडावही
नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट आहे. एका विद्यापीठाच्या कला संकुलाचं काम आमच्याकडे आलंय. संगीत, नाट्य, नृत्य, चित्र, शिल्प, सगळं एकाच इमारतीत. समितीला काँक्रीट कमीत कमी हवंय, जमेल तिथे लाकडी स्लॅब, खिडक्या उघडून वारा, आणि इमारत 'लवचिक'. म्हणजे मधली पार्टिशनं सरकवली की आज मैफल, उद्या नाटक, परवा प्रदर्शन. दर बैठकीत शिकागोच्या क्राउन हॉलचा फोटो पुढे येतो: १९५६ सालची इमारत, १२० बाय २२० फूट, आत एकही कॉलम नाही.

माझं मन तयार होत नाही, कारण एकदा हात पोळलेत. आधीच्या एका कामात तालमीच्या दोन खोल्यांमध्ये मी फोल्डिंग पार्टिशन दिलं होतं. कॅटलॉगात ५२ डेसिबल आवाज अडवतं असं लिहिलेलं. पहिल्याच आठवड्यात गायनाच्या बाई मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिटा आणि पलीकडे कोणता ताल चाललाय ते सांगा." मला सांगता आलं. त्यानंतर दोन्ही वर्ग एका वेळी कधी भरले नाहीत. म्हणजे दोन खोल्या बांधून वापरात एकच.

यावेळी लवचिकता कुठे द्यावी आणि कुठे ठाम नाही म्हणावं?

शांतखोली
ध्वनीचं काम करतो, म्हणून जरा लांबण लागेल.

ते ५२ प्रयोगशाळेतले. जागेवर आवाज पार्टिशनमधून कमी आणि त्याला वळसा घालून जास्त जातो: फॉल्स सीलिंगच्या वरून, सलग स्लॅबमधून, खालच्या रबराच्या फटीतून. पाच ते दहा डेसिबल सहज जातात. ढोबळ नियम असा की भिंतीचं किंवा स्लॅबचं वजन दुप्पट केलं तर सहाएक डेसिबल जास्त अडतात. २०० मिलिमीटरचा लाकडी स्लॅब चौरस मीटरला शंभरेक किलोचा, तेवढ्याच जाडीचा काँक्रीटचा ४८० किलोच्या आसपास. नुसत्या वजनामुळे कागदावर तेरा-चौदा डेसिबलचा फरक पडतो, आणि ड्रमचा, बासचा खालचा आवाज तर हलक्या बांधकामाला जुमानतच नाही. म्हणून लाकूड वर्गांना, ऑफिसला, चित्रकलेच्या स्टुडिओंना मनापासून द्या. संगीताच्या खोल्या मात्र तळमजल्यावर, जड, खोलीत खोली, आतली खोली रबर पॅडवर. तेवढं काँक्रीट वाचवायच्या मागे लागू नका.

त्याआधी एक फुकटचा उपाय करा. दोन गोंगाटाच्या खोल्या एकमेकींना चिकटवू नका. मध्ये कपाटं, वाद्यांची कोठी, जिना, स्वच्छतागृह असं काहीही टाका.

वाऱ्याचं म्हणाल तर सरावाच्या खोलीला उघडी खिडकी चालणार नाही. पण डक्ट, म्हणजे हवा नेणारे पाइप, मोठे ठेवा, हवा हळू सोडा. डक्टमधून जाताना हवेच्या दाबाची घट वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे वेग निम्मा केलात की त्याच डक्टमधली घट चौथ्या हिश्शावर येते. पंखा गप्प होतो आणि वीजही कमी खातो. माझा आणि वीज वाचवणाऱ्यांचा हट्ट इथे एकच आहे, म्हणून डक्टची जागा पहिल्या आराखड्यातच अडवून ठेवा. नंतर कोणी देत नाही.

आता मोठं दालन. खोलीचा निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावरही तो किती वेळ घुमत राहतो ते, तिच्या घनफळावर आणि आतल्या शोषणावर ठरतो. वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञानं हे हार्वर्डमध्ये शोधलं. १८९५ साली उघडलेल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानकक्षात बोलणं कळत नव्हतं, तेव्हा तो रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून घुमणं मोजत बसायचा. वाद्यवृंदाला साधारण दोन सेकंद निनाद लागतो, नाटकाला एक. पडदे ओढून दोनाचा सव्वा करता येतो, पण बुटक्या दालनाला नंतर उंची देता येत नाही. उंची आत्ताच घ्या. पडदे जाड लोकरी, भिंतीपासून थोडे सुटे.

क्राउन हॉलबद्दल समितीला एवढंच सांगा: तिथे वर आर्किटेक्चरचे विद्यार्थी ड्रॉइंग करत. कार्यशाळा आणि बंद खोल्या खालच्या अर्ध्या तळघरात आहेत.

विंगेतून
मी नाटकाची तांत्रिक बाजू सांभाळतो. शांतखोलींशी सहमत, पण मोठं दालन लवचिकच हवं. फक्त ती लवचिकता भिंतीत नको, छतात हवी. पूर्ण दालनावर पाइपांची जाळी, वर चालायला वाट, कुठल्या बिंदूला किती वजन टांगता येईल ते तिथेच लिहिलेलं. चारही बाजूंना वीज आणि डेटाची टोकं. सपाट जमीन. नेपथ्य ट्रकमधून सरळ आत येईल एवढं दार. एवढं असलं की रंगमंच कुठल्याही बाजूला मांडता येतो. खुर्च्यांची मांडणी बदलायला सहा माणसं आणि अख्खा दिवस लागणार असेल तर ती पहिल्या वर्षानंतर कोणी बदलत नाही, हे मी पाहिलंय.

एसीवाल्यांना दिव्यांच्या उष्णतेचे जुने आकडे धरू देऊ नका. हॅलोजनचा एक स्पॉट ५७५ किंवा ७५० वॅटचा असायचा; एलईडी त्याच्या थोड्या हिश्शात भागवतो. मात्र एलईडीच्या आतल्या पंख्याचा आवाज शांत प्रसंगात ऐकू येतो, निवडताना कान लावून बघा.

पायताल
नृत्य शिकवते. आमची खोली वरच्या लाकडी मजल्यावर टाकू नका, कळकळीची विनंती. तीस जण एका ठेक्यात उड्या मारतात तेव्हा सेकंदाला दोन-तीन ठोके पडतात आणि हलका मजला त्याच लयीत डोलायला लागतो. तळमजला द्या, पण पाय थेट काँक्रीटवर नकोत. वर स्प्रिंगसारखी दबणारी लाकडी जमीन हवी, नाहीतर गुडघे जातात. आणि ताजी हवा डोकी मोजून देऊ नका. बसलेला माणूस शंभरेक वॅट उष्णता टाकतो, नाचणारा त्याच्या तिप्पट.

आराखडावही
मनापासून आभार. काल रात्री तळमजला पुन्हा काढला. संगीत एका टोकाला, नृत्य दुसऱ्या, मध्ये वाद्यकोठी आणि जिना. मोठ्या दालनाची उंची आठ मीटरवरून अकरा केली. वरचे दोन मजले लाकडाचे. पार्टिशन फक्त एकच उरलंय, चित्रांच्या दोन स्टुडिओंमध्ये, कारण तिथल्या शिक्षकांनाच ते हवंय.

शांतखोली
छान. त्या एकालाही कंत्राटात अट घाला: बसवल्यावर जागेवर मोजमाप होईल आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच. जागेवरचा आकडा तुम्हीच लिहा, कॅटलॉगातला नको.