मदत हवी आहे: 'डिग्निटी'ला बोलीतला शब्द

मी आधी नर्स होते, आता पाळीच्या प्रश्नावर काम करते. गाझातल्या बायकांवर लेख लिहितेय, बचत गटात मोठ्याने वाचायला. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर तिथे पॅड मिळेनात, धुवायला पाणी नाही, तंबूचं कापड कापून वापरलं, काहींनी तर पाळी पुढे ढकलायला नॉरेथिस्टेरॉन घेतलं, आपल्याकडे पूजेसाठी घेतात तीच गोळी. यूएन विमेनने (संयुक्त राष्ट्रांची बायकांसाठीची संस्था) २०२४ मध्ये सांगितलं, ६ लाख ९० हजार बायका-मुलींना महिन्याला १ कोटी पॅड लागतात. एवढं सगळ्यांना लगेच पोचतं, अडतं ते 'डिग्निटी'पाशी, म्हणजे माणूस म्हणून आपला मान राखला जाणं. 'प्रतिष्ठा' पुस्तकी वाटतं, 'अब्रू' म्हटलं की पुन्हा लाजच येते, 'सन्मान' म्हणजे बायकांना सत्कार वाटला. विटाळाकडे जाणारा शब्द तर नकोच. तुमच्याकडच्या आई-आजी अशा वेळी कोणता शब्द वापरतील?