गावाजवळ वाळूघाट प्रस्तावित आहे, हरकत कशी घ्यावी? सल्ला हवाय

गोदाकाठकर:
नमस्कार मंडळी. आमचं गाव जायकवाडीच्या खाली, गोदावरीच्या थडीला. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही, समजून घ्या.

गेल्या आठवड्यात तलाठी भाऊसाहेब, मंडळ अधिकारी आणि आणखी तिघं टेप घेऊन नदीत उतरले. चुन्याच्या खुणा केल्या. विचारलं तर म्हणाले, वाळू उपसायचा घाट प्रस्तावित आहे, लिलावाच्या यादीत जाईल. सोमवारी ग्रामसभा आहे. सरपंचांचं म्हणणं, गावाला पैसा येतोय तर येऊ द्या, रस्ता तरी होईल.

आमच्या नळयोजनेची विहीर नदीकाठीच आहे. खालच्या बाजूच्या चुन्याच्या खुणेपासून मी पावलं मोजली, दोनशे दहा भरली. वरच्या अंगाच्या एका गावात काही वर्षांपूर्वी असाच घाट गेला. कागदावर फावडी-घमेली, प्रत्यक्षात रात्री दोन पोकलेन आणि ट्रॅक्टरला बांधलेल्या केण्या, म्हणजे वाळू ओढायच्या फळ्या. आता त्यांच्या विहिरीला मार्चमध्येच आडवे बोअर मारायची वेळ आली. आमची पोरं म्हणतात वाळूचे हायवा डंपर अडवू, रस्त्यात आडवं पडू. मला वाटतं त्याच्या आधी काही करता येत असेल. कुणाला अनुभव आहे का?

सातबारा:
महसुलात जन्म गेला, आता निवृत्त आहे, म्हणून लिहितो. हायवा अडवायची वेळ आली म्हणजे तुम्ही आधीच हरलात. तोवर ठेकेदाराने पैसे भरलेले असतात, हातात वाहतुकीचा पास असतो, आणि गुन्हा पोरांवर दाखल होतो. घाट अडतो तो लिलावाच्या आधी, कागदावर.

पहिला कागद म्हणजे जिल्हा सर्वेक्षण अहवाल. जिल्ह्यातले सगळे घाट, लांबी-रुंदी, किती ब्रास (वाळूचं माप) निघेल, सगळं त्यात असतं. १५ जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार हा अहवाल मसुदा असतानाच जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आणि जिल्हाधिकारी कार्यालयात २१ दिवस लोकांसाठी ठेवावा लागतो. हरकतीची खरी जागा ती. गावात कुणी तो बघत नाही, आणि बघितला तरी कळतो तेव्हा मुदत गेलेली असते. मुदत गेली असली तरी खनिकर्म शाखेतून अहवालाची प्रत मागा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार टाका. उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणून आजच टाका.

आता तुमच्या बाबतीतला मुख्य मुद्दा. अहवालात पुनर्भरणाचा अभ्यास शोधा. म्हणजे एका पावसाळ्यात नदीने किती नवी वाळू आणली, याचं मोजमाप: पावसाळ्याआधीची पातळी आणि नंतरची पातळी. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात सांगितलंय की असा अभ्यास नसलेल्या जिल्हा सर्वेक्षण अहवालावर पर्यावरण मंजुरी देता येणार नाही.

आणि तुम्ही जायकवाडीच्या खाली! नाथसागर भरायला लागून पन्नास वर्षं होत आली. नाशिककडून, नगरकडून येणारी वाळू धरणाच्या पोटात बसते. खाली पैठण ते मंजरथ या टप्प्यात मोठी नदी मिळत नाही, सिंदफणा मिळते ती मंजरथला. मधे आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी असे बंधारे आहेतच. मग दरवर्षी नवी वाळू येते कुठून? ओढ्यानाल्यांतून थोडीफार. तुमचं गाव मंजरथच्या वर असेल तर हा प्रश्न लेखी विचारा. तुमच्या पात्रात दिसते ती बहुतेक वाळू धरणाच्या आधीची, आजोबांच्या काळातली. एकदा गेली की गेली.

पाटाचंपाणी:
एवढं कशाला? ग्रामसभेने नाही म्हटलं की विषय संपला.

सातबारा:
नाही संपत. अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात, पेसा कायदा लागू असलेल्या गावात ग्रामसभेची शिफारस कायद्यानेच बंधनकारक आहे. गोदाकाठची ही गावं त्यात येत नाहीत. इथे वाळू धोरण दर दोन-तीन वर्षांनी बदलतं: २०१९, २०२२, २०२३, आता २०२५. ठरावाचं वजनही त्याबरोबर बदलतं. नुसता "नको" असा ठराव फायलीत जातो आणि फायलीतच राहतो. कारणं आणि आकडे असलेला ठराव पुढे हरित लवादात (पर्यावरणाच्या न्यायाधिकरणात) कामाला येतो.

घरकुलवाला:
राग येईल, पण बोलतो. माझं घरकुल दीड वर्ष जोत्यावर उभं आहे. पाच ब्रास फुकट मिळणार, तेही कागदावरच. बाजारात वाळूचा भाव ऐकून घाम फुटतो. सगळ्याच गावांनी घाट अडवले तर आम्ही घरं कशाची बांधायची? विरोध करणाऱ्यांची घरं आधीच स्लॅबची झालीत, हे पण बघा.

गोदाकाठकर:
दादा, राग नाही. आमच्या गावात पण आठ घरकुलं अडलीत आणि ग्रामसभेत हाच प्रश्न येणार आहे, हे मला माहीत आहे.

उंबरठा:
घरकुलवाले दादा बरोबर बोलतात, आणि म्हणूनच त्यांना सोबत घ्या. आम्ही आमच्या गावात (नदी वेगळी) ठरावातच लिहिलं की घरकुलाला लागणारी वाळू गाव हाताने काढून, मोजून, पावतीवर नेऊ देईल, पण यंत्राचा लिलाव नको. लगेच निम्मा विरोध मावळला. आठ घरकुलं म्हणजे चाळीस ब्रास. आता लिलावाचा हिशोब करा. समजा ३०० मीटर लांब, ६० मीटर रुंद, एक मीटर खोल. झाली १८,००० घनमीटर. ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणजे सहा हजार तीनशेच्या वर ब्रास. हायवात पाच ब्रास धरले तरी साडेबाराशे खेपा, तुमच्या पाणंदीवरून. सरपंचांच्या रस्त्याचं काय होईल तेही विचारा.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तो नियमच आहे. बऱ्याच ठिकाणी ती नुसती सह्यांवर होते. तुम्ही ती खरी घ्या. पाणी भरतं कोण?

आम्ही तिथे एक केलं होतं. कुणीतरी म्हणालं, वाळूचा आणि विहिरीचा काय संबंध? तर मी पंधरा लिटरची बादली कोरड्या वाळूने काठोकाठ भरली आणि वरून तांब्याने पाणी ओतत गेले. एक तांब्या, दोन, तीन... सगळ्या बघताहेत. पाचेक लिटर पाणी त्या भरलेल्या बादलीत गुडूप झालं, तेव्हा कुठे वर चमकायला लागलं. एक म्हातारी आजी म्हणाली, "अगं, म्हणजे वाळू काढून नेतात तेव्हा आपली टाकीच उचलून नेतात की." तेवढं वाक्य तालुक्यापर्यंत गेलं. आमच्या अर्जातल्या कायद्याच्या कलमांना कुणी विचारलं नाही.

खाडीपलीकडे:
रायगडहून लिहितेय. कागद करा, पण जीव सांभाळून. किहीमला २००४ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या सुमायरा अब्दुलालींवर वाळूवाल्यांनी हल्ला केला, २०१० मध्ये पुन्हा. त्या मुंबईच्या, नावाजलेल्या, पुढे उच्च न्यायालयात गेलेल्या. गावातल्या साध्या माणसामागे तेवढं बळ नसतं. रात्री एकट्याने नदीत जाऊन व्हिडिओ काढू नका. तक्रार एकाच्या नावाने नको, ग्रामपंचायतीच्या नावाने किंवा पन्नास सह्यांनी द्या. फोटो दिवसा काढा: खड्ड्यात काठी उभी करून, काठीला फूट-फूट रंग देऊन, मागे देवळाचा कळस दिसेल असा. फोटोतली जागा मग नाकारता येत नाही.

आणि पूल जवळ असेल तर तेही लिहा. महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री गेला, दोन एसटी गाड्या गेल्या. पूल जुना होता, पूरही मोठा होता, त्यामुळे सगळा दोष वाळूला देणार नाही. पण त्यानंतर आमच्याकडे पुलाखालचा उपसा म्हटलं की माणसं कान टवकारतात.

गोदाकाठकर:
सगळ्यांचे आभार. बादलीचं उद्याच करून बघतो. सातबारा काका, ठरावात नेमकं काय लिहू? आणि ते दोनशे दहा पावलांचं काही होईल का?

सातबारा:
होईल ना, तोच तुमचा हुकमाचा पत्ता. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पूल, पाणी उचलण्याच्या जागा अशा सार्वजनिक बांधकामांपासून वरच्या अंगाला किमान २५० मीटर आणि खालच्या अंगाला किमान ५०० मीटर सोडायला सांगितलंय. दोनशे दहा पावलं म्हणजे फार तर दीडशे-पावणेदोनशे मीटर. पण पावलं कुणी मानणार नाही. टेप धरा, पंचनामा करा, त्यावर पाणीपुरवठ्याच्या शिपायाची आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांची सही घ्या. नळयोजनेचे कागद जोडा.

ठरावात चारच गोष्टी: विहिरीचं मोजलेलं अंतर, पुनर्भरणाचा अभ्यास कुठे आहे हा प्रश्न, खेपांचा हिशोब, आणि उंबरठा ताईंनी सांगितलेली घरकुलाची तरतूद. पर्यावरण बिघडतं, निसर्गाचा ऱ्हास होतो वगैरे लिहू नका, त्याला उत्तर द्यावं लागत नाही. प्रती तहसील, जिल्हाधिकारी, भूजल सर्वेक्षण कार्यालय आणि राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाला. प्रत्येकाची पोच, तारीख आणि आवक क्रमांकासह.

एवढं करूनही पर्यावरण मंजुरी निघालीच, तर पुण्याच्या हरित लवादात अपिलाला ३० दिवस असतात. उशिराचं कारण दिलं तर आणखी ६० मिळू शकतात. तो दिवस चुकू नये म्हणून एका पोराला परिवेश पोर्टल (केंद्राचं पर्यावरण मंजुऱ्यांचं संकेतस्थळ) बघायला बसवा. हायवा अडवण्यापेक्षा हे काम त्याला द्या.

गोदाकाठकर:
गणपूर्तीची भीती आहे. सोमवारी बाजार असतो, माणसं येत नाहीत.

उंबरठा:
मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी ते. बायका आधीच्या सभेतून उठून तशाच ग्रामसभेला आल्या तर तेवढ्यावर भागतं. आमच्याकडे तसंच झालं होतं. बादली घेऊन या.

सातबारा:
आणि ठराव लिहून झाला की वहीतल्या शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून घ्या, मोकळी जागा ठेवू नका. प्रत त्याच दिवशी, सही-शिक्क्यासह.