इंदूरहून नवी सहाचाकी बीडला आणायची आहे, काय काय बघून निघू?

पत्रेवाला_बीड:
राम राम मंडळी. सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे, जीएसटी नंबर आहे. १२ टनाच्या आतली सहाचाकी, कंपनी बॉडीची, इंदूरच्या डीलरकडे तयार उभी आहे. इकडे त्याच मॉडेलला दोन महिने थांबा म्हणतात. पासिंग बीडलाच करायचं आहे. ट्रेलरवर घालून आणू की चालवत? चालवत आणली तर पिथमपूरहून पाईपचा माल भरून आणला तर चालेल का? डिझेल तरी निघेल. आणि कागद कुठले घेऊन निघू?

आरटीओ_कट्टा:
भाऊ, पाईपचा विचार आधी सोडा. टेम्पररी नंबरवरच्या गाडीला परमिटची सूट आहे, पण ती पासिंगसाठी रिकामी जात असेल तरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. माल भरलात की बिगरपरमिट धंद्याची गाडी झाली. दंड होईलच, पण वाटेत अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात क्लेम नाकारायला आयतं कारण द्याल. चार पैशाच्या डिझेलसाठी नवी गाडी पणाला लावू नका.

डीलरकडून घ्यायचे कागद: फॉर्म २१ (विक्रीचा दाखला), फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला), टॅक्स इन्व्हॉईस, टेम्पररी रजिस्ट्रेशन, विमा. फॉर्म २० तुमच्या सहीचा लागतो. फायनान्स असेल तर त्यावर आणि इन्व्हॉईसवर बँकेचं नाव पाहिजे. नुसती चेसिस घेऊन बॉडी बाहेर बांधणाऱ्याला फॉर्म २२-अ लागतो, तुम्हाला नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पत्त्यात. फॉर्म २१, विमा आणि टेम्पररी या तिन्हींवर बीडचाच पत्ता हवा, आणि टेम्पररी काढताना पुढचं आरटीओ म्हणून बीडच निवडलेलं हवं. तिथे डीलरच्या पोराने घाईत दुसरं काही टाकलं तर दुरुस्तीसाठी पुन्हा इंदूरलाच फोनाफोनी. चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरून स्वतः वाचा आणि प्रत्येक कागदाशी एकेक अक्षर ताडून बघा. चेसिस नंबरचे पेन्सिल छाप तीन-चार जास्तीचे घेऊन ठेवा.

टेम्पररी नंबरची पाटी पिवळी, अक्षरं लाल. कागदावर प्रिंट काढून काचेला चिकटवलेली चालत नाही. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटचा नंबर, त्यावर बीडपर्यंत यायचं नाही.

हिशेबनीस:
कागदात सर्वांत महागाचा कागद इन्व्हॉईस आहे, त्याकडे कुणी बघत नाही. मालवाहू गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. मूळ किंमत समजा २० लाख, तर कर ३ लाख ६० हजार. पत्रे-सिमेंट करपात्र माल आहे, त्यामुळे याचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो. पण इन्व्हॉईसवर तुमचा जीएसटी नंबर आणि आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) हवा. काही डीलर “ताबा इथेच दिला” म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीचा कर) लावून मोकळे होतात. मध्य प्रदेशचा तो कर बीडच्या नंबरवर घेता येत नाही, साडेतीन लाखांवर पाणी. बुकिंगच्या आधीच प्रोफॉर्मा (कच्चं इन्व्हॉईस) मागवून तुमच्या सीएला दाखवा. आणि क्रेडिट घेतलं तर कराच्या रकमेवर घसारा धरायचा नाही.

ई-वे बिल (माल वाटेत नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) डीलरने काढून द्यायचं. २०० किमीला एक दिवस धरतात, म्हणजे तुमच्या साधारण ६०० किमीला तीन दिवस मिळतील. बिल आदल्या रात्री काढू नका, गाडी गेटबाहेर पडताना काढा.

घाटवळण:
ट्रेलरची गरज नाही. एवढ्या अंतराला भाडं परवडत नाही, आणि चढवता-उतरवताना बंपर घासतो तो वेगळाच. चालवतच आणा. फक्त ड्रायव्हरचं लायसन बघा. साध्या एलएमव्हीवर (हलक्या गाडीच्या लायसनवर) ७,५०० किलो जीव्हीडब्ल्यूपर्यंतच (मालासकट गाडीचं एकूण वजन) चालवता येतं, तुमच्या गाडीला ट्रान्सपोर्टचं, लोक हेवी म्हणतात ते, पाहिजे.

सकाळी डिलिव्हरी घ्या, संध्याकाळी दिव्याखाली नको. स्टेपनी, जॅक, टॉमी (पाना फिरवायची दांडी), व्हील पाना मोजून घ्या. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा आणि स्टेपनी, सातही बघा. यार्डात उभ्या गाडीची हवा कमी-जास्त असते, मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. डीलर दोन-पाच लिटर डिझेलवर गाडी सोडतो, पंप गाठेपर्यंत पुरेल का ते विचारा. रिकाम्या गाडीला बीडपर्यंत ७५ ते ८५ लिटर धरा.

युरियाची (धूर साफ करणारं द्रावण) टाकी वेगळी, निळ्या झाकणाची. साधारण डिझेलच्या ४-५ टक्के जातो, म्हणजे चार लिटरच्या आसपास. संपला तर इंजिनची ताकद कमी होते आणि घाटात फजिती होते. त्याहून वाईट म्हणजे पंपावरच्या पोराने युरिया डिझेलच्या टाकीत ओतणं. तसं झालं तर चावी फिरवायची नाही, टाकी उतरवूनच साफ करावी लागते.

चाकाचे नट ५०-१०० किमीवर एकदा आणि घरी पोचल्यावर पुन्हा टॉर्क पान्याने बघा. ड्रम आणि रिमच्या मधला नवा रंग दबतो, म्हणून नट सैल पडतात. टॉमीला पाईप लावून आवळू नका, बोल्ट ताणला जातो.

आता रस्ता. इंदूर सोडल्यावर धामणोदच्या अलीकडे गणपती घाट, पुढे सेंधवा ओलांडून बिजासन, दोन्ही तुम्हाला उताराचे. नव्या गाडीचे ब्रेक लायनर ड्रमला पुरते बसलेले नसतात, ब्रेक जुन्या गाडीसारखा पकडत नाही. वरूनच खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग आवरणारा) चालू. न्यूट्रल तर नाहीच. इतरत्र ५०-६० ठेवा, पण तासन्‌तास एकाच आरपीएमवर नको.

धुळ्यात मॅप तुम्हाला चाळीसगावकडे वळवेल. त्या रस्त्यावरचा कन्नडचा औट्रम घाट २०२३ पासून कोर्टाच्या आदेशाने जड गाड्यांना बंद आहे. मालेगाव, मनमाड, येवला, वैजापूर करून संभाजीनगर गाठा.

पत्रेवाला_बीड:
पाईप रद्द. फास्टॅगचं काय? गाडीला नंबरच नाही.

आरटीओ_कट्टा:
चेसिस नंबरवर निघतो, डीलरनेच लावून द्यायचा. एलसीव्हीचाच (१२ टनाच्या आतल्या हलक्या मालगाडीचा) क्लास आहे ना, बघून घ्या. टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल. पक्का नंबर पडला की आरसी अपलोड करा, नाहीतर टॅग बंद पडतो.

एक राहिलं. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट इंदूरचा डीलर मागवणार की त्याच कंपनीचा बीड-संभाजीनगरचा, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि पासिंग झालेली गाडी प्लेटवाचून दारात उभी राहते.