मदत हवी आहे: दाढेचं दुखणं थांबलं, तरी रूट कॅनल करावंच लागेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही डिचोलीचे. आई ६२ वर्षांची, डायबेटिसच्या गोळ्या चालू. तिची खालची दाढ किडली होती. चहाचा घोट घेतला तरी कळ मस्तकात जायची, रात्री आडवं झालं की ठणका वाढायचा, मग गालच सुजला. डॉक्टरांनी एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळा डाग दाखवला, अँटिबायोटिक दिलं आणि रूट कॅनल करून वर कॅप बसवायला सांगितलं.

आता सूज उतरलीय, गरम-थंडही लागत नाही. आई म्हणते, "बरं झालंय ते कशाला कोरायचं? चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचं) सामान आणायचंय. परत दुखली तर काढून टाकू." मला मात्र काळजी वाटते. दुखत नाही म्हणजे आत नक्की काय झालंय? आणि काढणं सोपं असेल तर वाचवायची कशाला? तिला पटेल असं कुणीतरी सांगा, प्लीज.

प्रतिसाद (दंतवैद्य, मडगाव)

ताई, दुखायचं थांबलं ते बहुधा आतली नस मेल्यामुळे. गरम-थंड तीच सांगत होती. नस मेली की दाताच्या आतला रक्तपुरवठाही तुटतो, त्यामुळे पोटात घेतलेली गोळी तिथे पोचत नाही. गोळीने बाहेरची सूज उतरली, जंतू मुळाच्या नळ्यांत तसेच आहेत. हे पुन्हा उसळतं, आणि डायबेटिस असेल तर जास्त त्रास देतं.

रूट कॅनलमध्ये त्या नळ्या बारीक फायलींनी साफ करतात, औषधाने धुतात आणि गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरून बंद करतात. खालच्या दाढेत सहसा तीन नळ्या, कधी चार, म्हणून वेळ लागतो. दुखण्याची भीती असेल तर आईंना सांगा, आधी इंजेक्शनने बधिर करतात. तरी कळ आली तर हात वर करायचा, पुन्हा देतात. नंतर काही दिवस चावताना ठणकतं, तेवढं चालायचंच. कॅप मात्र टाळू नका. एवढं करून कॅपवाचून दाढ चिरली तर शेवटी काढावीच लागते.

काढल्यानेही जंतुसंसर्ग जातो, आणि दाढ मुळापर्यंत चिरलेली असेल तर तेच योग्य. पण जागा रिकामी ठेवली की शेजारचे दात कलंडतात. ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) करायचा तर दोन्ही बाजूंचे चांगले दात कोरून बारीक करावे लागतात.

खर्चाची अडचण असेल तर बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात यासाठी वेगळा विभाग आहे. जाताना साखरेचे रिपोर्ट न्या, आईंना जेवून आणि रोजची गोळी घेऊन येऊ दे. मधे ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज जबड्याखाली उतरली, तर चवथ असो वा नसो, त्याच रात्री जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्या.

धागाकर्ती

देव बरें करूं, डॉक्टर. आईला वाचून दाखवलं. ती विचारते, साफ केल्यावर कॅप चवथीनंतर बसवली तर चालेल का?